मुदत संपलेलं नाव कुणाचं?

ताडोबाची सफारी ठरली की आता कुणी वनखात्याच्या कचेरीची पायरी चढत नाही. मोबाइलवर पत्ता टाकायचा, मोहर्ली की कोलारा ते प्रवेशद्वार निवडायचं, सकाळची फेरी की दुपारची ते ठरवायचं आणि पैसे भरायचे. नाशिकचं किंवा ठाण्याचं कुटुंब चंद्रपूर कधी पाहिलेलंही नसताना काही हजार रुपये भरून टाकतं, ते केवळ एका वेबसाइटच्या नावावर भरवसा ठेवून. काही वर्षं पर्यटक या कामासाठी मायताडोबा डॉट ओआरजी हा पत्ता वापरत होते. पुढे मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता आला. दोन्हींत ‘मायताडोबा’ आहेच, त्यामुळे सामान्य पर्यटकाला दोन्ही सारखेच वाटतात. पण शेवटच्या तुकड्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. डॉट ओआरजीतलं नाव जगातल्या कुणालाही पैसे भरून घेता येतं, आणि मुदत संपल्यावर ते सुटलं तर जगातल्या कुणालाही उचलता येतं. जीओव्ही डॉट इनखालचं नाव फक्त सरकारी कार्यालयालाच मिळतं. तिथेही मुदत आणि नूतनीकरण असतं, पण एखाद्या खात्याकडून हलगर्जीपणा झाला तरी ते नाव बाहेरच्या माणसाच्या हाती जात नाही.

या अंतराकडे चंद्रपूर-गडचिरोलीनं खास लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं. कारण इथल्या संस्थांचं नाव त्यांच्या इमारतींपेक्षा मोठं आहे. ते कमवायला काही दशकं लागली आहेत, आणि इंटरनेटवरचं त्याचं रूप मात्र वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपयांच्या पावतीवर टिकून असतं.

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ‘विकत घेतलं’ असं आपण बोलतो, पण ते विकत मिळत नाही. ते भाडेपट्ट्यानं मिळतं, कमीत कमी 1 वर्ष आणि एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. व्यवस्था तीन थरांची आहे. सगळ्यात वर 1998 साली स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. तिच्याखाली प्रत्येक शेपटीची, म्हणजे नावाच्या शेवटच्या तुकड्याची, वही सांभाळणारी रजिस्ट्री: डॉट कॉमची व्हेरिसाइन, डॉट ओआरजीची पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री, आणि आपल्या डॉट इनची निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. डॉट इन सर्वसामान्यांसाठी 2005 साली खुलं झालं. तिसरा थर रजिस्ट्रारचा, म्हणजे ज्यांच्या वेबसाइटवर जाऊन आपण पैसे भरतो त्या कंपन्यांचा. माणसाचा संबंध येतो तो फक्त या तिसऱ्या थराशी, आणि गोंधळाला सुरुवातही तिथेच होते.

समजा, मोहर्लीत कुणी नव्यानं होमस्टे काढला. त्याला एक छान नाव सुचलं, पाहिलं तर ते कुणीतरी पूर्वीच घेतलेलं. पण मुदत गेल्या आठवड्यात संपलेली दिसते. वेबसाइट बंद, तिच्या जागी जाहिरातींचं पान. याला वाटतं, आता नाव आपलंच. तो रोज तपासतो. महिना जातो, नाव मोकळं होत नाही. दुसरा महिना जातो. मग एके दिवशी नाव कुणा तिसऱ्याच्याच मालकीचं झालेलं असतं, आणि ते हवं असेल तर काही लाख मागितलेले असतात. असा अनुभव आलेली माणसं म्हणतात की या धंद्यात काहीतरी काळंबेरं आहे. काही ठिकाणी ते असेलही, पण बहुतेक वेळा हे नियमांप्रमाणेच घडलेलं असतं. ते नियम साध्या भाषेत कुणी सांगत नाही, ही खरी अडचण.

डॉट कॉम, डॉट ओआरजीसारख्या नावाची मुदत संपली म्हणजे ते मोकळं झालं असं नव्हे. आधी सवलतीचा काळ सुरू होतो, जास्तीत जास्त 45 दिवसांचा. नेमका किती द्यायचा हे रजिस्ट्रार ठरवतो. या काळात जुन्या मालकाला बहुधा नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. तो आलाच नाही तर रजिस्ट्रार नाव रद्द करण्यासाठी पाठवतो आणि ‘रिडेम्प्शन’चे 30 दिवस सुरू होतात. आता परत मिळवायचं तर जबर दंड भरावा लागतो, नेहमीच्या फीच्या कितीतरी पट. त्यानंतरचे 5 दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे, या 5 दिवसांत जुना मालक, नवा मालक, रजिस्ट्रार, कुणालाच काही करता येत नाही. मग नाव वहीतून पुसलं जातं. म्हणजे मुदत संपल्यापासून प्रत्यक्ष मोकळं होईपर्यंत अडीच महिन्यांहून जास्त काळ जाऊ शकतो. डॉट इनमध्येही रिडेम्प्शनची सोय आहे. तारखांचा तपशील आपल्या रजिस्ट्रारकडे विचारून घ्यावा.

पण चांगलं नाव या शेवटच्या टप्प्यापर्यंत सहसा पोचतच नाही. बरेच मोठे रजिस्ट्रार सवलतीचा काळ चालू असतानाच ते नाव आपल्याच लिलावात मांडतात. जुना मालक वेळेत आला तर लिलाव रद्द होतो आणि बोली लावणाऱ्याला पैसे परत मिळतात. नाही आला तर नाव पुसलंच जात नाही, थेट बोली जिंकणाऱ्याच्या खात्यात जातं. मोहर्लीतला आपला माणूस ज्या दिवसाची वाट पाहत होता तो दिवस कॅलेंडरमध्ये कधी येतच नाही.

जी नावं खरोखर पुसली जातात, त्यांच्यासाठी वेगळीच झुंबड असते. डॉट कॉमची सुटलेली नावं भारतात रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास मोकळी होऊ लागतात. त्या क्षणी ती टिपण्यासाठी ‘ड्रॉपकॅचिंग’ करणाऱ्या कंपन्यांचे संगणक सज्ज असतात. रजिस्ट्रीकडे सेकंदाला किती विनंत्या पाठवता येतील यावर प्रत्येक रजिस्ट्रारला मर्यादा असते. म्हणून या कंपन्यांनी आपल्याच मालकीचे शेकडो कागदी रजिस्ट्रार आयकॅनकडे नोंदवून ठेवले आहेत. जितके परवाने तितक्या रांगा. तत्काळ तिकिटाची खिडकी उघडताच एजंटांचे संगणक सगळ्या जागा उचलतात आणि घरी बसून बटण दाबणाऱ्याला ‘वेटिंग’ दिसतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे असे संगणक लावणं बेकायदा नाही. ज्याला नाव हवंच आहे त्यानं अशा कंपनीकडे ‘बॅकऑर्डर’, म्हणजे आगाऊ मागणी, नोंदवावी. नाव मिळालं तरच बहुतेक कंपन्या पैसे घेतात. एकाच नावाला दोघांनी मागणी नोंदवली असेल तर पुन्हा त्यांच्यात लिलाव.

एवढा जीव टाकावा असं जुन्या नावात असतं तरी काय? शब्द सुंदर असतो म्हणून नव्हे. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या वेबसाइटकडे वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून, विद्यापीठांच्या पानांवरून, विकिपीडियावरून दुवे आलेले असतात. शोधयंत्रं त्या दुव्यांना साक्षीदार मानतात. नाव विकत घेणाऱ्याला ही सगळी साक्ष आयती मिळते. मग त्या नावावर जुगाराची जाहिरात लावली तरी ती शोधात वर येते. हा प्रकार इतका वाढला की मार्च 2024 मध्ये गूगलनं ‘मुदत संपलेल्या डोमेनचा गैरवापर’ हा स्पॅमचा एक वेगळा प्रकार म्हणून जाहीर केला. त्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक असं आहे: पूर्वी प्राथमिक शाळेची असलेली वेबसाइट आणि आता तिच्यावर कॅसिनोचा मजकूर.

शाळेच्या जागी आता आपली माणसं ठेवून पाहा. वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1949च्या सुमाराला उभं केलं. भामरागड तालुक्यात हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ 1986 पासून गडचिरोलीत काम करते आहे. या तिन्ही ठिकाणी देणगी पाठवणाऱ्या असंख्य माणसांनी हा भाग कधी पाहिलेला नाही. सांगलीच्या निवृत्त शिक्षिकेनं, न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबानं कुठल्या तरी लेखात वाचलं, पत्ता टाकला, पैसे पाठवले. असं नाव एखाद्या दिवशी सुटलं आणि उचलणाऱ्यानं तसंच पान, तेच फोटो, फक्त बँक खातं वेगळं असं केलं, तर त्या शिक्षिकेला ते ओळखायला काहीही साधन नाही. पत्ता तर बरोबर आहे. पुस्तिकेत छापलेलाच आहे.

देणगीपेक्षाही मला इमेलची भीती जास्त वाटते. डोमेन ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे त्या नावावर येणारी सगळी टपाल जाते. संस्थेचा बँकेशी, आयकर खात्याशी, देणगीदारांशी चालणारा पत्रव्यवहार त्यात आला. समाजमाध्यमांवरच्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात का’ हे निरोपही तिथेच येतात. आरोग्य क्षेत्रातल्या संस्थेच्या बाबतीत त्यात रुग्णांची माहितीही असू शकते. जुनं नाव सोडून नवं घेतलेल्या संस्था इथेच फसतात. नवी वेबसाइट सुरू झाली, मग जुनीचे पैसे कशाला भरायचे, असं त्यांना वाटतं. पण जुन्या पत्त्यावर पत्रं पुढची कित्येक वर्षं येत राहतात.

2024 साली सुरक्षा अभ्यासकांच्या एका गटानं हे फार धडधडीत दाखवून दिलं. डॉट मोबी या शेपटीच्या रजिस्ट्रीनं आपली माहिती देणारी यंत्रणा नव्या पत्त्यावर नेली आणि जुनं डोमेन सोडून दिलं. अभ्यासकांनी ते सुमारे 20 डॉलरला घेतलं. काही दिवसांतच जगभरातले लाखाहून अधिक संगणक, त्यांत सरकारी यंत्रणाही, त्या जुन्या पत्त्याकडे माहिती मागायला येऊ लागले. डोमेनचा कारभार हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडूनही हे झालं.

आणि नुसतं नूतनीकरण राहिल्यानं माणसांच्या जिवावर बेतू शकतं, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत कर्णबधिरांना व्हिडिओवरून खुणांच्या भाषेत फोन करून देणाऱ्या सोरेन्सन या कंपनीचं एक डोमेन जून 2016 मध्ये नूतनीकरणाअभावी बंद पडलं. त्यामुळे तिच्यावर अवलंबून असलेल्या कर्णबधिर लोकांना सुमारे 3 दिवस तातडीच्या 911 या क्रमांकाशी जोडून मिळत नव्हतं. पुढच्या वर्षी कंपनीनं तिथल्या दूरसंचार आयोगाशी सुमारे 30 लाख डॉलर देऊन तडजोड केली.

आपल्याकडे नावं सुटतात ती बहुतेक वेळा पैशांअभावी नव्हे. संस्थेची वेबसाइट गावातल्या किंवा नागपूरच्या एखाद्या होतकरू मुलानं करून दिलेली असते. त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावानं डोमेन घेतलेलं असतं. त्यात लबाडी नसते, सोय असते. चार वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारनं मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, आणि मुदत संपल्यावर 5 दिवसांच्या आत सूचना पाठवायलाच हवी. सूचना जाते, पण त्या मुलाच्या जुन्या इमेलवर. किंवा त्याहून वाईट म्हणजे संस्थेच्याच डोमेनवरच्या इमेलवर, म्हणजे मुदत संपल्यावर जी बंदच पडते तिच्यावर.

दुसरं कारण खास भारतीय आहे. ‘ऑटो रिन्यू’ चालू आहे, कार्डातून पैसे आपोआप कापले जातील, या भरवशावर अनेक जण होते. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि आगाऊ सूचना लागू झाली. ग्राहकाच्या हिताचाच नियम, पण परदेशी कंपन्यांच्या यंत्रणा त्यात बसत नव्हत्या आणि त्यांची वसुली फसू लागली. रजिस्ट्रारांतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या परदेशीच. डोमेनचं पान उघडलं तर ‘ऑटो रिन्यू: चालू’ असंच दिसतं, आणि पैसे मात्र जात नाहीत.

तिसरं कारण भामरागडला जाऊन आलेल्यांना सांगावं लागणार नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. रस्ता तर जातोच, वीज आणि मोबाइलचं नेटवर्कही बेभरवशाचं होतं. पैसे भरायला ओटीपी लागतो आणि ओटीपीला टॉवर लागतो. आयकॅनचे नियम ठरवताना डोळ्यांसमोर असणाऱ्या माणसाला महिना म्हणजे पुष्कळ वेळ वाटतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मुदत संपणारं नाव हे धोक्यातलंच समजावं. उपाय सोपा आहे, आणि तो कुणी करत नाही: नूतनीकरण उन्हाळ्यातच उरकायचं, तेही पुढच्या 5 किंवा 10 वर्षांसाठी एकदम.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. त्याच फाइलमध्ये एक कागद जास्तीचा लावावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, नोंदणी संस्थेच्या नावावर आहे की व्यक्तीच्या, मुदत कधी संपते, सूचना कोणत्या दोन इमेलवर जातात, एवढंच त्यावर असावं. त्या दोनपैकी एक तरी इमेल संस्थेच्या डोमेनबाहेरची हवी. लेखापरीक्षकानं दरवर्षी बँकेच्या शिलकीबरोबर हा कागदही पाहावा. जमिनीचा सातबारा आपण जिवापाड जपतो; देणगीदाराच्या दृष्टीनं संस्थेची जागा ही वेबसाइटच आहे.

शेपटी निवडताना विचार केला तर निम्मं काम होतं. डॉट एसी डॉट इन हे नाव अर्नेट इंडियाकडून फक्त शिक्षणसंस्थांना, कागदपत्रं पाहून मिळतं. 2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं झालेलं गोंडवाना विद्यापीठ याच शेपटीखाली आहे. गडचिरोली जिल्हा प्रशासन जीओव्ही डॉट इनखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पत्ता चांदा डॉट एनआयसी डॉट इन असा आहे, म्हणजे जिल्ह्याचं जुनं नाव सरकारी वहीत अजून सुरक्षित आहे. सर्चची वेबसाइट डॉट एनजीओ या शेपटीची आहे, जी स्वयंसेवी संस्थांसाठीच काढलेली आहे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं सक्तीच केली: सगळ्या बँकांनी, सहकारी बँकांसह, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायचं. पात्रता तपासून दिलेलं नाव सुटलं तरी ते भामट्याच्या हाती सहज पडत नाही, हा त्यामागचा विचार आहे. देवनागरीतली डॉट भारत ही शेपटी 27 ऑगस्ट 2014 पासून मराठीलाही उपलब्ध आहे, पण ती कुणालाही मिळते, त्यामुळे या बाबतीत तिचा वेगळा आधार नाही.

छोट्या ग्रामसभांना, बचत गटांना, झाडीपट्टीच्या नाटक मंडळींना यातली कुठलीच खास शेपटी सहज मिळत नाही, हे मला खटकतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. आज कित्येक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करतात. उद्या त्यांनी लिलावाच्या जाहिराती स्वतःच्या वेबसाइटवर टाकल्या, तर त्यांच्या नावाला जिल्हा प्रशासनानं जीओव्ही डॉट इनखाली जागा द्यायला काय हरकत आहे? ग्रामसभा ही कायद्यानं मान्य केलेली संस्था आहे.

नाव गेलंच तर कायदा अगदीच हात वर करत नाही. रेडिफ आणि तिच्या नावात एका अक्षराचा फरक करून घेतलेलं ‘रॅडिफ’, या वादात मुंबई उच्च न्यायालयानं 1999 साली रेडिफच्या बाजूनं निकाल दिला. 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं मान्य केलं. डॉट इनसाठी निक्सीची लवादाची पद्धत 2005 पासून आहे. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावाशी गोंधळ होईल इतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं किंवा वापरलं आहे. पण फी, वकील आणि काही महिने यांचा हिशेब केला तर 10 वर्षांचं नूतनीकरण त्यापुढे काहीच नाही. शिवाय जी संस्था आपणहून नाव सोडून बसली, तिची बाजू तिथे जरा लंगडीच पडते.

आता ज्याला असं सुटलेलं नाव घ्यायचं आहे त्याच्याविषयी. डोमेनची नोंद उघडून तिची स्थिती पाहावी. ‘रिडेम्प्शन पीरियड’ दिसलं तर मालक अजून येऊ शकतो, ‘पेंडिंग डिलीट’ दिसलं तर 5 दिवसांच्या आतला मामला आहे. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या नावाचा भूतकाळ पाहावा. तिथे मधल्या काळात जुगार किंवा औषधविक्री चाललेली दिसली तर ते नाव घेऊ नये. शोधयंत्रांकडची त्याची बदनामी नव्या मालकाच्या वाट्याला येते. आणि तिथे एखादी शाळा, दवाखाना, ग्रंथालय किंवा सेवाभावी संस्था दिसली, तर आधी त्यांना कळवावं.

1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली आणि अनेकांना हॉटमेल उघडेना. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरला कारण कळलं. त्यानं स्वतःच्या कार्डातून 35 डॉलर भरले आणि सेवा पुन्हा सुरू झाली. आजही काही रजिस्ट्रार दुसऱ्याच्या नावाचं नूतनीकरण कुणालाही भरू देतात. मालकी बदलत नाही, मुदत फक्त वाढते. ते जमत नसेल तर कार्यालयात फोन करून मुदत संपल्याची तारीख आणि रजिस्ट्रारचं नाव सांगावं. वेबसाइट बंद असताना फोन नंबर सापडत नाही, पण वेबॅक मशीनवरच्या जुन्या पानात तो बहुधा मिळतो.